लानच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे कुणी जेवलं नाही. तिथं व्हिएतनाम पसरलेलं होतं. नकाशा, प्रिंटआउट्स, आणि आईनं बॉलपेननं केलेली यादी : पाण्यातले डोंगर, गुहा, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, पायांनी वल्हवायची नाव.

बाबा गेल्यापासून चार वर्षं आईनं काही मागितलं नव्हतं. भाजी कुठली करू, साडी कुठली घेऊ, सगळ्याला एकच उत्तर, "कुठलीही." डिसेंबरात शेजारच्या लानकडे चहाला गेलो, तेव्हा तिनं टीव्हीवर आपल्या निन्ह बिन्हकडच्या गावाचा व्हिडिओ लावला. नावाडीण मागं रेलून बसलेली, दोन्ही पावलांनी वल्ही मारतेय, हात मोकळे, त्यात छत्री. आई सोफ्याच्या कडेला सरकली.

"राधिका, हे मला बघायचंय."

मी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. किती दिवसांनी घरात आईची पावलं अशी भराभर वाजत होती.

फ्लाइट होती फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारची. आईच्या पंचांगात मात्र आधीचा सोमवार चांगला. मग तिनं प्रस्थान ठेवलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ते गाठोडं मुहूर्तावर लानच्या घरी नेऊन ठेवलं.

"म्हणजे माणूस निघालाच असं धरतात," तिनं सांगितलं. "आपण मग सवडीनं मागनं जायचं. फक्त प्रस्थान माघारी आणायचं नसतं."

"आईंचं चेक-इन ॲडव्हान्समध्ये झालं," माझा नवरा निमिष म्हणाला.

"हसा तुम्ही. शिकागोच्या विमानाला लायसन्स घरी कोण विसरलं होतं?"

लान मंगळवारी माहेरी गेली, त्यांच्या नववर्षाला. आईच्या खुणा आणि लानचं इंग्रजी यांच्यात काहीतरी राहून गेलं. लानला वाटलं, गाठोडं गावी पोचवायचंय. तिनं ते बॅगेत घालून नेलं.

बुधवारी आईचा डावा पाय सुजला. शिरेत गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या, आणि तीन महिने विमान नाही. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच सगळं कॅन्सल केलं. चार वर्षांनी मागितलेली एक गोष्ट, तीही मला देता आली नाही. शेजारी बसलेल्या आईकडे बघवेना.

शुक्रवारी सकाळी आई गात उठली.

डोंगर पाण्यामंदी उभे न्हाऊन सकाळी
पायानं वल्हवी नाव, माझी मैतरीण सावळी

बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ होता. ती चहा घेत सांगत होती. डोंगर कसे एकदम पाण्यातनं वर येतात, पायथा नाहीच. गुहेत शिरताना मान लववावी लागते आणि थेंब पडतो तो नेमका भांगात. लानच्या माहेरच्या अंगणात पानांत बांधलेला भात मोठ्या पिंपात दिवसभर रटरटतोय, त्याला बांबूच्या पट्ट्यांनी बांधलंय.

स्वप्न, मी म्हटलं. इतके व्हिडिओ पाहिलेत. तरी दुसऱ्या दिवशी मी पहाटेच चहा टाकला, पुढचं ऐकायला.

पुढचं रोज होतं. संत्र्याच्या झुडपासारखं, पण बोराएवढी फळं लागलेलं झाड मोटरसायकलवर बांधून नेणारा माणूस. म्हशीच्या पाठीवर उभा पांढरा बगळा. सांगताना तिचे हात नाचायचे, आणि मीही टाळ्या द्यायची. तिच्या केसांना लाकडाच्या धुराचा वास येऊ लागला.

लानचे फोटो एक दिवस उशिरा यायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आईनं सांगितल्याची वेळ आणि फोटो आल्याची वेळ, असा तक्ता केला. आई दर वेळी आधी होती.

मग मी टेस्ट घेतली. "फोटोत येणार नाही असं काहीतरी सांग."

"अंगणातला रांजण फुटला. म्हशीनं शिंग मारलं."

मी लानला मेसेज केला, रांजण ठीक आहे का. उत्तर आलं : दुपारी फुटला. तुला कुणी सांगितलं?

आनंदानं माझ्या अंगावर काटा आला. आई प्रवासाला गेली होती. कशी ते मला नको होतं. गेली होती, बस्स.

एक गोष्ट मी तक्त्यात लिहिली नव्हती. सकाळचा तो एक तास सोडला, तर आई खिडकीशी खुर्चीत बसून असायची. आधी तास होता, मग अर्धा झाला. दुसऱ्या रविवारी ती उठून बसली, चहा घेतला, आणि काहीच बोलली नाही. पोहे करू का उपमा, विचारलं.

"कुठलंही."

मी लानला फोन लावला. तिथं रात्रीचे नऊ वाजत आले होते. मागे भांड्यांचा, हसण्याचा आवाज.

"लान, ते गाठोडं परत आण. उद्याच्या उद्या कुणाबरोबर तरी पाठव."

"ती नको म्हणते," लान इंग्रजीत म्हणाली.

"कोण?"

फोन हातातून हातात गेला.

"राधिका? अगं, किती हाका मारल्या तुला. उद्या भातशेतीकडे जायचंय, वरच्या डोंगरात, पहाटे निघणार."

आवाज आईचा होता. बाबा असतानाचा, दारातूनच बोलत घरात शिरणारा.

मी खिडकीकडे पाहिलं. खुर्चीत आई बसली होती. ओठ मिटलेले.

"आई, परत ये."

"रडू नकोस. प्रस्थान फिरवतात का कधी? लानला मीच नको म्हटलंय." मग आवाज जरा खाली आला, झोपलेल्या माणसाजवळ बोलतात तसा. "तिची गोळी दिलीस का? नऊला असते. पाय दुखतो गं तिचा, बोलत नाही ती."

फोन कट झाला.

नऊ वाजले होते.

मी गोळी आणि पाणी घेऊन खुर्चीपाशी गेले. तिनं निमूट तोंड उघडलं. गोळी गिळली, पेला दोन्ही हातांनी मला परत दिला. मग माझ्याकडे पाहून, परक्या घरी उतरलेल्या पाहुणीसारखं, जरा संकोचून हसली.

"थँक्यू हं," ती म्हणाली.