राहणारीच म्हणाली, "येते हं"

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर खुशाल पुढे सरका. कुणाचा विश्वास बसावा म्हणून हातापाया पडणाऱ्यांतली मी नाही.

भुतांना म्हणे अंधार लागतो, सोसाट्याचा वारा लागतो, लांब कुठेतरी कुत्री रडावी लागतात. आमच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. ऐन दुपार होती. ऊन होतं. माणसाला माणूस लागेल एवढी गर्दी होती.

आणि तरीही झालं.

मुलाने आम्हाला राजधानी दाखवायला नेलं होतं. तो, सून आणि मी. सकाळी किल्ल्याचा दरवाजा झाला, मग घड्याळाचा मनोरा, मग कुठल्याशा राजाचं थडगं. प्रत्येक ठिकाणी मान वर करायची आणि "बापरे, केवढं हे!" म्हणायचं. दुपारपर्यंत माझी मान आखडली आणि गुडघे बोलायला लागले.

माहिती सांगणारा माणूस लाल छत्री मिटून वर धरायचा आणि आम्ही सगळे मेंढरांसारखे त्या छत्रीमागे. मी त्याचं नाव छत्रीवाला ठेवलं. पाठ केलेलं बोलत होता, पण बोलत बरा होता.

आता सुनेबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

माझी सून म्हणजे नको तितकी गोड. कुठूनही निघताना "येते हं" म्हटल्याशिवाय तिचा पाय उचलत नाही. तिकीटवाल्याला येते हं. सामान सांभाळणाऱ्याला येते हं. आणि दुसऱ्या कुणी "येते" म्हटलं की हिचं "या हं, या" तयारच.

त्या दिवशी ती थडग्यालासुद्धा म्हणाली!

मी म्हटलं, "अगं बाई, इथे तरी नको. इथून सरळ 'जाते' म्हण."

"सवय आहे हो आई."

"मेलेल्याला कसली आलीय सवय?"

ती हसली. तिचं त्या दिवशीचं शेवटचं हसणं ते.

मग जुना राजवाडा. दालनामागून दालन. वस्तूंच्या पुढे जाड दोरी बांधलेली, आणि प्रत्येक दालनात निळ्या गणवेशातली एक बाई पहाऱ्याला. कुणी दोरीला हात लावला की ती खेकसायची.

त्यात एका बाजूला राजाच्या आईची खोली.

पलंग, आरसा, आणि खिडकीशी उंच पाठीची एक खुर्ची. छत्रीवाला म्हणाला, "या बाई कधी कुणाला हाक मारत नसत. खुर्चीच्या हातावर अंगठी आपटायच्या. टक टक. की दासी हजर. दासीने खुर्चीमागे उभं राहायचं. बाई 'बस' म्हणतील तेव्हाच बसायचं."

कुणीतरी विचारलं, "आणि म्हणायच्या का?"

"कधीच नाही."

लोक हसले. मी नाही हसले. मनात म्हटलं, बाईचा दरारा होता. मला तर आवडली ती.

छत्री पुढच्या दालनात गेली. तिच्यामागे लोक, लोकांत माझा मुलगा. मी गुडघ्यांमुळे मागे पडले, आणि माझा दंड धरून सून. आम्ही दोघी दारापर्यंत आलो, आणि मागून…

"येते हं."

मी वळले.

दोरीच्या पलीकडे, त्या उंच खुर्चीत एक बाई बसली होती. आमच्याकडे पाठ. अंगावर निळं नव्हतं, काळपट काहीतरी होतं. मला वाटलं, पहाऱ्याची बाई असेल, पाय दुखले म्हणून टेकली असेल.

आणि माझी गोड सून, नेहमीसारखी, विचारसुद्धा न करता म्हणाली, "हो हो, या ना. या."

आम्ही बाहेर पडलो. चार पावलं गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"काय गं, निघालं कोण? आपण ना?"

"हो."

"मग 'येते' आपण म्हणायचं. मागे राहणारी कशाला म्हणेल?"

सूनबाई थांबली. मी मागे जाऊन दारातून डोकावले.

खुर्ची… रिकामी होती.

त्या खोलीला दार एकच. त्या दारातून बाहेर पडलो त्या आम्हीच.

पुढच्या दालनातल्या निळ्या बाईला मी विचारलं, "तुमची ती बाई पाहुण्यांसमोर पाठ करून बसते. ही कुठली रीत?"

"त्या खोलीत आम्ही कुणाला ठेवत नाही." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुनेकडे. "बोलली का काही?"

"येते म्हणाली."

"तुम्ही काय म्हणालात?"

सून हळूच म्हणाली, "या म्हटलं."

त्या बाईने तोंड फिरवलं. "चला, पुढे चला. इथे उभं राहू नका."

"अहो, पण झालं काय?"

"पुढे व्हा म्हणते ना!" ती ओरडली. आणि खरं सांगते, ती सुनेपासून दोन हात मागे सरकली.

बसमध्ये बसलो. सून खिडकीशी, मी आणि मुलगा तिच्या मागच्या बाकावर. बस गच्च भरली, पण सुनेच्या शेजारची जागा मोकळीच. एक जाडे गृहस्थ आले, बसायला वाकले… आणि "माफ करा हं" म्हणून मागे जाऊन उभे राहिले.

माफ करा? कुणाला?

बस निघाली. आणि मी ऐकलं…

टक. टक.

समोरच्या बाकाच्या दांडीवर काहीतरी आपटल्यासारखं.

सून ताडकन उठली. त्या रिकाम्या जागेमागे, बाकांच्या मधल्या वाटेत, दांडी धरून उभी राहिली.

मुलगा म्हणाला, "अगं, बस की. जागा आहे."

"मी उभीच बरी आहे."

सगळी वाट ती उभी होती.

जेवायला बसलो तर तेच. तिने एक खुर्ची ओढली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी बसायला गेले तर म्हणाली, "तिथे नका बसू आई." आणि त्या रिकाम्या खुर्चीमागे हात जोडल्यासारखे धरून उभी. समोरचं ताट तसंच.

मुलगा माझ्यावर घसरला. "आई, तू काही बोललीस का हिला?"

"हो बाबा, जगात वाईट होतं ते सगळं मीच करते!"

"सकाळपासून टोमणे चाललेत तुझे."

"माझ्या टोमण्यांनी ही कधी उठून उभी राहिलीय? दहा हाका माराव्या तेव्हा 'आले आले' करत येते. कोण उठवतंय तिला ते बघ!"

त्याला कसं दिसणार? त्याला ते आपटणंही ऐकू येत नव्हतं. मला आणि सुनेला येत होतं.

मुक्कामाच्या खोलीवर आलो तेव्हा दिवे लागत होते. मुलगा डॉक्टर शोधायला खाली उतरला. खोलीत आम्ही दोघी.

खिडकीशी हातांची एक खुर्ची होती. साधी, लॉजमध्ये असते तशी. सून सरळ जाऊन तिच्यामागे उभी राहिली.

मी तिचे पाय पाहिले. सुजून टम्म झाले होते. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

"बस गं पोरी."

"कशी बसू? त्यांनी म्हटलं नाही अजून."

"कुणी?"

तिने डोळ्यांनी खुर्चीकडे दाखवलं.

मी तिचा हात धरून ओढलं. एवढीशी बाई ती, फुंकर मारली तर उडेल. पण जमिनीत पुरलेला खांब ओढावा तसं झालं. ती रडायला लागली.

"आई, त्यांना सांगा ना मला बस म्हणायला. पाय फाटतायत हो माझे."

टक. टक.

"आले," सून म्हणाली आणि होती तिथेच आणखी ताठ झाली. गुडघे थरथरत होते, पण वाकत नव्हते. तेव्हा मला कळलं की ती दासी शेवटी कशी गेली असेल. उभ्या उभ्याच. आणि हिचंही तेच होणार होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

मला भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या घरची पोर, आणि हिला कोण कुठली राजाची आई वेठीला धरणार?

मी खुर्चीसमोर गेले.

"बाई, उठा," म्हटलं.

काही नाही.

"उठा म्हणते ना!"

टक.

"नाही उठत? ठीक आहे."

मी वळले आणि धपकन त्या खुर्चीत बसले.

खुर्ची… गरम होती.

आणि माझ्याखाली गुडघे होते.

हाडं हाडं लागत होती. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर बसावं तशी. माझ्या मानेवर श्वास लागत होता, पेटी उघडल्यावर येतो तसा कोंदट. खुर्चीच्या हातावर हात ठेवला तर खाली आधीच एक हात होता. बोटातली अंगठी माझ्या तळव्याला गार लागली.

ओरडले नाही मी. पण उठलेही नाही.

दात दाबून म्हटलं, "ऐका. ही माझी सून आहे. हिला हाका मारायच्या तर मी मारीन. उठ म्हणायचं तर मी म्हणेन, बस म्हणायचं तर मी म्हणेन. तुमचं राज्य गेलं. हे घर माझं आहे."

कानाशी कुणीतरी हसलं. आवाज नाही, नुसती हवा.

मी मान न वळवता सुनेला म्हटलं, "बस."

ती हलली नाही.

"मी सांगते आहे. बस!"

आणि ती कोसळली. फरशीवरच बसली, भिंतीला डोकं टेकून, आणि हुंदके देत देत तिथेच झोपली.

मी खुर्चीतच होते. खालचे गुडघे हळूहळू लागेनासे झाले. मानेवरचा श्वासही थांबला.

पण ती उठून गेली असं काही मला वाटलं नाही. माणूस उठलं की खुर्ची कुरकुरते.

खुर्ची कुरकुरली नाही.

मुलगा डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, चालणं जास्त झालं. मी म्हटलं, "हो, तेच असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. उरलेली राजधानी ज्याला बघायची त्याने बघावी.

सुनेचे पाय बरे झाले. ती बसते, जेवते, हसते. त्या संध्याकाळचं तिला काही आठवत नाही. मला वाटलं, जिंकले मी.

मग एक दिवस मी तिला भाजी निवडायला हाक मारली. ती आली ती पांढरीफटक पडून.

"काय झालं गं?"

"काही नाही. आई… रागावणार नाही ना?"

"बोल तर आधी."

"तुम्ही हाक मारता ना, तेव्हा हल्ली दोघी मारतात असं वाटतं."

हाकेवर हक्क मी सांगितला होता, तर ती बाई टक टक सोडून माझ्या हाकेतच शिरली होती. तेव्हापासून मी तिला हाक मारणं सोडलं. मी! जिच्या हाकेने शेजारच्या गल्लीतली पोरं घरी पळायची! आता काही हवं असलं की उठते आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत जाते. मुलगा म्हणतो, आई किती मवाळ झाली. होऊ दे, म्हणू दे.

परवा दुपारी मी एकटी बाहेरच्या खोलीत बसले होते. तोंडातून शब्दसुद्धा काढला नव्हता. देवाशपथ.

सून आतून धावत आली. पीठ लागलेले हात तसेच.

"काय हवंय आई?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"मारलीत ना हाक?" तिने विचारलं. "तुम्हीच ना?"

"मग काय तुझा सासरा मारणार वरून?" मी म्हटलं. "मीच मारली. माझा चष्मा सापडत नाहीये."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने चष्मा शोधून दिला. मी तो डोळ्यांवर चढवला आणि म्हटलं, "बस इथे जरा माझ्याजवळ."

ती बसली.

ती बसते आहे तोवर ठीक आहे. रोज आलेली प्रत्येक हाक मी माझीच म्हणून सांगते. माझ्यानंतर तिला असं कोण सांगेल, ते मला माहीत नाही.