पक्की नवशिकी

आत्याला वर्गाला सोडायला म्हणून ती वाचनालयाचा जिना चढली आणि तिथेच फसली.

निवृत्त झाल्यापासून आत्याला कोडिंग शिकायची हुक्की आली होती. वरच्या मजल्यावर दारात वर्ग घेणारा उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. त्याने आत्याला आत बसवलं आणि मग भाचीकडे वळला.

"तुम्हाला येतं कोडिंग?"

"ओ की ठो नाही. मी गाडी शिकवते."

"वा!" त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग वर्ग सुटल्यावर थोडा वेळ द्याल? मला अगदी असंच माणूस हवंय… म्हणजे — तसं नाही —"

"कळलं," ती हसू दाबत म्हणाली. "अडाणी हवंय."

त्याची अडचण खरी होती. मागच्या वेळी लोक मोठ्या हौसेने आले आणि पहिल्याच सरावानंतर एकेक करून गळाले. म्हणून यंदा प्रत्येक सराव तो आधी एखाद्या कोऱ्या माणसाला करायला देणार होता. त्याची रीत मात्र अजब होती. करणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि याने शेजारी बसून ब्रही काढायचा नाही. घरी सराव करणाऱ्याच्या मदतीला हा थोडाच जाणार होता?

वर्ग सुटल्यावर ती स्क्रीनसमोर बसली आणि तिने काहीतरी टाइप केलं. स्क्रीनवर लालभडक अक्षरं उमटली: चूक! अवैध सूचना!

"अगं बाई! चूक काय चूक? कुठे चुकलं ते सांगा की!" ती उसळली. "मी शिकाऊ माणसावर असं खेकसले तर तो चालत्या गाडीतून उडी टाकेल! आणि पहिल्याच दिवशी सगळं कोऱ्या स्क्रीनवर लिहायचं? मी तर गाडी सुरू करून देते, ब्रेकवर माझा पाय असतो, त्याने नुसतं स्टिअरिंग धरायचं. गाडी आपल्या हाताने वळली की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून येतो."

तो ओठ घट्ट मिटून ऐकत होता, पण डोळे हसत होते. ते डोळे छान आहेत असं तिच्या मनात आलं. नियमाप्रमाणे हेही मोठ्याने बोलायला हवं होतं… ती बोलली नाही.

पुढच्या वेळी स्क्रीनवर चालता प्रोग्राम होता. तिने फक्त एक शब्द बदलला आणि त्यातल्या चित्रातला दिवा हिरवा झाला. "मी केला!" ती ओरडली. मग ती चुकली, तर अक्षरं म्हणाली: जवळ आलात. दुसऱ्या ओळीत कंस मिटायचा राहिलाय, बाकी सगळं ठीक. तिला इतकं बरं वाटलं, की ती मुद्दाम आणखी एकदा चुकली.

असे कितीतरी वर्ग झाले. आत्या पुढे घरी जायची आणि ही मागे राहायची. गाडी शिकवताना सिग्नलला थांबली, की तिला त्याचा गप्प बसलेला चेहरा आठवायचा. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

आणि एके दिवशी तो म्हणाला, "तुम्ही फार पटकन शिकलात हो. आता दुसरं कुणी नवशिकं शोधावं लागणार."

"आधी पुढचा सराव तर द्या," ती घाईने म्हणाली.

पुढचा सराव होता दिवा पाच वेळा लुकलुकवायचा, तोही एकाच ओळीत. तिला तो तत्क्षणी कळला. पण तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि साफ घोळ केला. त्याने सराव बदलून आणला. तिने पुन्हा घोळ केला. तो बदलत राहिला, ती चुकत राहिली, आणि दोघांच्या भेटी होत राहिल्या. सगळं कसं मजेत चाललं होतं!

मग एकदा घरी आत्या म्हणाली, "सर वर्ग सोडतायत गं. म्हणतात, मला शिकवताच येत नाही. एक साधी गोष्ट एका हुशार मुलीच्या गळी उतरवता येत नाही म्हणे."

ती तशीच उठली. वाचनालयात तो खोलीतल्या वायरी गुंडाळत होता.

"बसा," तिने फर्मावलं. "आणि एक शब्द बोलायचा नाही."

तो बसला. तिने दिव्याचा सराव उघडला.

"मनात येतंय ते सांगते. इथे 'पाच वेळा' लिहायचं, खाली 'लुकलुक'. झालं. हे मला पहिल्याच दिवशी आलं होतं." दिवा लुकलुकायला लागला. "तुमचा सराव उत्तम होता. मीच खोटी चुकत होते. कारण… आलं असतं, तर तुम्ही या खुर्चीत दुसरीला बसवलं असतं. आणि मला तुम्ही फार — फार आवडता. संपलं."

त्याने विचारल्यासारखं स्वतःच्या मिटलेल्या ओठांकडे बोट दाखवलं.

"अहो, बोला आता!"

"मी स्वतःला दगड समजत होतो इतके दिवस!" तो आधी चिडला. मग खुर्चीत मागे रेलून हसत सुटला. "आणि नवशिकी मला केव्हाच मिळाली होती. तुमच्या आत्यांची मैत्रीण. मीच त्यांना नको म्हणून सांगितलं."

"का?"

एवढा वर्ग शिकवणारा माणूस, पण हातातली वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत अडखळला. "म्हणजे… मला असं… तुम्ही… तू —"

तिने त्याच्या हातातली वायर काढून टेबलावर ठेवली. "सावकाश. चुकलं तरी चालेल."

"तू मला आवडतेस," तो एका दमात म्हणाला.

"बघ," ती म्हणाली, "पहिल्याच फटक्यात आलं."