पालकाचा रकाना

भैयाजींनी आधी शाल कानांवरून घेतली, मग गोष्टीला हात घातला. एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस. तारीख आणि वेळ सांगितल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा मागता येत नसे.

"बुधवार, एकवीस डिसेंबर, दोन हजार बावीस."

"अमावस्या होती का आबाजी?" हर्षितने विचारलं. वस्तीची वीज गेली होती, मोबाइलची बॅटरी संपली होती, म्हणून तर नातवंडं गच्चीवर आजोबांच्या वाट्याला आली होती.

"दोन दिवस बाकी होते. पण असल्या गोष्टी पंचांग पाहून घडत नाहीत. आणि ही भुताची आहे असं मी कुठे म्हटलं? नत्थूजी हवालदार माझ्या ओळखीचे. त्यांचा तो कागद मी या हातांनी फाइलीला लावला आहे."

धाकटी सोनिका आजोबांच्या शालीत शिरली.

तर, त्या संध्याकाळी नत्थूजी स्टॅम्प पॅड आणायला गेले होते. कळमन्याच्या मिरची बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पोलीस चौकी होती. कोणती, ते विचारायचं नाही. तिथला जुना पॅड इतका वाळला होता की लोकांचे अंगठे कोरेच उमटत. नत्थूजींनी दुकानातून नवा, जांभळ्या शाईचा पॅड घेतला, कोपऱ्यावर चहा घेतला आणि येऊन टेबलाशी बसले. चौकीत ते एकटेच. शहरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. अधिवेशन म्हणजे असा पंधरवडा, की सगळा बंदोबस्त सिव्हिल लाइन्सला आणि बाकीचं नागपूर देवाच्या हवाली.

नत्थूजी माणूस भला. पण पूर्वी एकदा त्यांनी एका लहान मुलाचं बयान पालकाशिवाय लिहून घेतलं होतं आणि त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. मेमो हे सरकारी भूत आहे. एकदा अंगात शिरलं की निवृत्तीपर्यंत निघत नाही. निवृत्तीला आठ महिने होते.

नऊ चाळीसला दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची, निळा स्वेटर, केसांत मिरचीचे देठ अडकलेले.

"काय पाहिजे वं?" नत्थूजींनी मान वर न करता विचारलं. ते पॅडवरचं प्लास्टिक सोलत होते.

"रिपोर्ट लिहाचा हाये. गोविंदा मामाले मारून टाकलं."

"संग कोण हाये? मोठं माणूस?"

"कोणी नाही."

"मंग कसं लिहू? पालक लागते. सही नाही त अंगठा. जा, घरून कोणाले तरी घेऊन ये."

"घर लय दूर हाये."

"इथं कोणापाशी राहते तू?"

"गोविंदा मामापाशी, गोदामात. तोच जेवाले द्यायचा."

"मंग त्यालेच आण."

मुलगी जायला वळली, पुन्हा थांबली.

"त्यालेच आणू?"

"हो. त्यालेच. जा लवकर."

तिने मान हलवली आणि गेली. शहाणी पोर. सांगितलेलं ऐकणारी.

"पण आबाजी," हर्षित म्हणाला, "ती तर म्हणाली ना, मारून टाकलं म्हणून?"

"तुला ऐकू आलं," भैयाजी म्हणाले. "तू ऐकत होतास."

नत्थूजींनी पॅड नीट ठेवला, चहाचा ग्लास उचलला. ग्लासाखाली सोमवारी आलेला कागद होता. त्यावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं आणि वर्तुळाच्या आत लिहिलं होतं: पारशिवनी तालुक्यातून हरवलेली मुलगी, काजल, वय अकरा, अंगात निळा स्वेटर. घरातला एकुलता एक मोबाइल तिच्या हातून विहिरीत पडला होता. बाप शेतातून यायच्या आत ती भाजीच्या टेम्पोत बसून निघाली होती. रविवारपासून तीन दिवस झाले होते.

मग नत्थूजींच्या कानांत ते वाक्य पोचलं. दहा मिनिटं उशिरा. मारून टाकलं.

ते धावत बाहेर आले. रस्त्यावर धुकं होतं. ट्रकांचे दिवे येत होते, जात होते. "काजल" म्हणून त्यांनी दोनदा हाक मारली. शोधायचं कुठे? कळमन्यात गोदामं किती आणि गोविंदा किती. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मारणारा कोण, तेही नाही. त्याला मात्र ही पोर ठाऊक असणार. चौकी सोडून जाता येत नव्हतं. त्यांनी चार फोन केले. दोन उचलले गेले नाहीत. तिसरा म्हणाला, "सकाळी पाहू, बंदोबस्त सुटला की." चौथ्याने झोपेतच विचारलं, "पालक आहे का सोबत?"

अकरा वाजले. बारा. एक. नत्थूजी दाराकडे तोंड करून बसले होते. हवालदाराच्या हाती काठी असते, शिटी असते, शिक्का असतो. त्या रात्री त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

दोन चाळीस.

"काका, आणलं."

मुलगी दारात उभी होती. तिच्या मागे, ट्यूबलाइटचा उजेड संपतो तिथे, एक माणूस. हमाल डोक्यावर घेतात तशी पोत्याची खोळ त्याने घेतली होती. चेहरा खोळीत.

नत्थूजींच्या जिवात जीव आला. म्हणजे जिवंत आहे हा. पोर घाबरून काहीतरी बोलली असेल.

"या भाऊ, आत या. थंडी लय हाये."

माणूस आत आला नाही.

मिरचीचा उग्र वास आला. नत्थूजींना ठसका लागला. मुलगीही खोकली. बाकाखालचं कुत्रं शिंकत उठलं आणि मागच्या दाराने निघून गेलं.

तो माणूस खोकला नाही.

मेमोने शिकवलं होतं, आधी पालकाचा अंगठा, मग बयान. नत्थूजींनी रकान्यात नाव लिहिलं, गोविंदा. वेळ टाकली. नवा पॅड उघडला. टेबल दाराशीच होतं. उजेडात फक्त एक हात आला. तळवा मिरचीने लाल. नत्थूजींनी अंगठा धरला. त्यांनी आयुष्यात हजारो अंगठे धरले होते. चोराचा अंगठा मागे ओढतो, म्हाताऱ्याचा थरथरतो, मुलाचा घाम सोडतो. हिवाळ्यात सगळेच गार असतात.

हा गार नव्हता. ऊनही नव्हता. टेबलाची कड धरावी... तसा.

त्यांनी तो पॅडवर दाबला, कागदावर दाबला. ठसा स्वच्छ उमटला.

"हं, सांग आता," ते मुलीला म्हणाले.

"मंगळवारी राती दुर्गेश मुकादम गोदामातले मिरचीचे पोते चोरून गाडीत भरून राहिला होता. मी पोत्यांमांगं झोपली होती. मामानं त्याले पाहिलं. म्हणे, मालकाले सांगतो. मंग मुकादमानं पोते ओढाचा लोखंडी आकडा घेतला अन्... मारला. डोक्यात. मंग पोत्यांखाली झाकून टाकलं. मी दिवसभर हललीच नाही."

नत्थूजी लिहीत होते. झरझर.

"कोणाले मारलं? नाव सांग."

मुलीने दाराकडे पाहिलं.

"नाव लिहा लागते वं. कोणाले मारलं?"

तिने बोट दाखवलं.

"यालेच."

पेन थांबलं.

वरच्या रकान्यात गोविंदा. खालच्या रकान्यात जागा रिकामी. मधे जांभळा अंगठा... अजून ओला.

नत्थूजींनी मान वर केली नाही. करता आली नाही. ट्यूबलाइट गुणगुणत होती. बाहेरून ट्रक जात नव्हते. एकही नाही.

"काका..."

...

"तो इचारते, लिहून झालं का."

नत्थूजींनी कागदाकडे पाहतच मान हलवली. हो.

मग पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. शेवटी त्यांनी डोळे वर उचलले तेव्हा दार रिकामं होतं. मुलगी बाकावर झोपली होती, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून.

"पाय उलटे होते का?" सोनिकाने हळूच विचारलं.

"टेबलाखालून दिसले असते. नत्थूजींनी पाहिले नाहीत. सरकारी माणूस नको ते पाहत नाही."

"कॅमेरा नव्हता तिथे?" हर्षित म्हणाला. पण आवाज मघासारखा नव्हता.

"होता. त्याचं उद्घाटन झालं होतं, एवढं नक्की. चालू झाला नव्हता."

सकाळी मुलीने सांगितलेल्या गोदामात, सांगितलेल्या जागी, पोत्यांखाली गोविंदा सापडला. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी रात्री मेला. दुर्गेश मुकादमाला धरलं. मुलीला बाप येऊन घेऊन गेला. मोबाइलचं नावही त्याने काढलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढे कोर्ट होतं आणि कोर्टात गोष्ट संपत नाही, तारीख पडते.

भैयाजी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते, त्याच कोर्टात. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आरोपीच्या वकिलाने तो कागद वर धरला आणि नत्थूजींना विचारलं, "हा अंगठा कोणाचा?"

"गोविंदाचा."

ठसेतज्ज्ञाचा अहवालही तेच सांगत होता. रेघन्‌रेघ जुळत होती.

"केव्हा घेतला?"

"गुरुवारी पहाटे, दोन चाळीसला."

"आणि गोविंदा मेला केव्हा?"

"मंगळवारी रात्री," नत्थूजी म्हणाले. म्हातारपणी आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात बँकेत अंगठा देऊन सिद्ध करावं लागतं. गोविंदाने तेच केलं होतं, चुकीच्या वेळी. वकील म्हणाला, मेलेल्याचा अंगठा घेणारे पोलीस मुलीच्या तोंडी काय काय घालणार नाहीत? बयान खोटं ठरलं. मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात खरं तेच सांगत होती, आणि तिचा प्रत्येक शब्द त्या अंगठ्याखाली चिरडला जात होता. जून दोन हजार चोवीसमध्ये दुर्गेश संशयाचा फायदा मिळून सुटला. निवृत्त झालेल्या नत्थूजींना घरपोच दुसरा मेमो मिळाला. विषय: मयताचा अंगठा घेणे.

ऑगस्टपासून काजलच्या शाळेच्या रस्त्यावर एक मोटरसायकल उभी राहू लागली. बापाने नत्थूजींना फोन केला. "साहेब, तो मुकादम रोज येऊन राहिला. काय करू?" ठाण्यात अर्ज दिला होता. रस्त्यावर उभं राहणं हा गुन्हा नाही, असं उत्तर मिळालं होतं. नत्थूजी निवृत्त झाले होते. ते इतकंच म्हणाले, "पोरीले एकटं सोडू नका."

गुरुवार, बारा सप्टेंबर. शाळेत मधूनच मूल न्यायचं तर पालकाने वहीत सही करायची, मगच मूल सोडायचं, असा नियम. दुपारी एक माणूस ऑफिसात आला. गोड बोलणारा. म्हणाला, काजलचा काका आहे, तिच्या आईची तब्येत बिघडली, न्यायला आलो. ऑफिसात रितिका मॅडम होत्या, नवीन, कोणाला न ओळखणाऱ्या. त्यांनी वही उघडली, सहीसाठी पेन पुढे केलं, आणि थांबल्या.

"काजलला तर नेलं. पालक येऊन गेले."

"कोण पालक?"

मॅडमनी वही त्याच्याकडे फिरवली. तारीख आजची. नाव काजल. वेळ दोन चाळीस. पालकाच्या रकान्यात अंगठा.

तो माणूस वहीकडे पाहत राहिला. मग त्याला ठसका लागला. थांबेना. खोकत खोकत तो बाहेर गेला. मोटरसायकल सुरू न करता ढकलत घेऊन गेला.

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन पस्तीस.

त्या वर्गाकडे गेल्या. काजल दुसऱ्या बाकावर गणित सोडवत होती. तिला न्यायला कोणीही आलं नव्हतं.

मॅडम परत आल्या. वही उघडीच होती. शाळेतला पॅड काळ्या शाईचा, तोही कपाटात, कुलपात. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं.

बोटाला शाई लागली. जांभळी.