पुढची जागा

श्रावणातली सकाळ. पनवेलच्या टॅक्सी स्टँडवर बळीराम आपल्या हिरव्या विलायती मोटारीचं बॉनेट उघडून आत वाकला होता. त्यात काय मोठंसं, असं वाटेल तुम्हाला. पण बाबांनो, त्या गाडीत बसायला काळं कुत्रंही तयार नव्हतं! तिचा आधीचा ड्रायव्हर शिवा तिच्यातच गेला होता. घाटातल्या धुक्यात काच आतून वाफेनं भरली, वळण दिसलं नाही आणि गाडी कड्यावर आपटली. गाडी दुरुस्त झाली. शिवा कुठला दुरुस्त होतोय?

मिठागरातला वाटा विकून बळीरामनं ती घेतली, पुण्याचे उतारू न्यायला. पहिल्याच फेरीला डॅशबोर्डच्या जाळीतून ओल्या गोणपाटाचा कुबट वास आला, आणि मागोमाग दमलेला आवाज... "काच पूस रे... पूस..." उतारू खोपोलीलाच उतरून पळाले. तेव्हापासून गाडी उभी. उद्या भंगारवाला यायचा होता.

"जाऊ द्या ती," त्याची बायको भामा म्हणाली. "आपन मिठावर राबू परत."

"कुनाच्या मिठावर? आपला वाटा कुठं उरलाय?" बळीराम उसळला. "आनि भूत बोलतंय ते खरं हाय. काच आतून भरते कशापाय?"

आता पनवेलची एक खोड सांगतो. विलायती गाडी आली की इथला मिस्त्री आधी तिचा हीटर बंद करणार. बसल्या जागी घामाच्या धारा लागतात, गरम हवा हवी कुणाला? इंजिनाचं गरम पाणी हीटरला नेणारे दोन रबरी पाइप काढायचे, एकमेकांना जोडायचे, हवेच्या वाटेत गोणपाट कोंबायचं, झालं काम. पण काचेवरची वाफ उडवते तीच गरम हवा. घाट चढताना ती नसली की मेला माणूस.

बळीरामनं गोणपाट ओढलं. महिनोन्‌महिने बंद जागेतलं, तरी चिंब. बर्फासारखं गार. शेवटचा तुकडा सुटला तसा आतून त्याच्या मनगटावर श्वास आला... दाबून धरलेला कुणी सोडावा तसा. त्यानं पाना मात्र सोडला नाही. पाइप हीटरला जोडले, गरम पाण्याची तोटी मोकळी केली, पंख्याचा गंज खरवडला. इंजिन तापलं आणि जाळीतून ऊबदार हवा तोंडावर आली.

"आता बसतंय कोन?" त्यानं ओरडून विचारलं.

भामानं पदर खोचला आणि मागं जाऊन बसली. "मी बसते. बघू काय खातंय ते!"

तिला बघून पुण्याला निघालेला दादू कोळी आणि त्याची बायको भीमाबाई तिच्याशेजारी शिरली. पुढं कुणी बसेना.

घाटात धुकं असं की बॉनेट दिसेना. लॉऱ्या कडेला थांबलेल्या. ओल्या कपड्यांचा वास, मागं भीमाबाईचं रामराम. काच पांढरी होऊ लागली. बळीरामनं हीटरचा खटका ओढला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. आता तो आवाज येणार... पण आवाज नाही आला. जाळीतून गरम हवा सुटली. शेजारी काचेवर काहीतरी चुरचुरत होतं, कच्... कच्... त्यानं तिकडं बघितलं नाही. खालून वर काच लख्ख होत गेली, आणि शिवाचं ते वळण समोर उघडं पडलं.

"दिसलं! दिसलं गं भामा!" तो लहान पोरासारखा ओरडला. मागं तिघं टाळ्या पिटत होती.

खंडाळ्याला गाडी थांबली तेव्हा तिथले ड्रायव्हर भोवती जमले. खालून येणाऱ्या बाकीच्या गाड्या अजून धुक्यातच अडकल्या होत्या म्हणे. बळीरामची छाती गजभर फुगली. भामानं मात्र त्याला बाजूला ओढलं.

"पुढं बसलेला तो कोन? सारखा काच पुसत होता..."

पुढच्या सीटवर बळीरामनं निघताना ठेवलेलं कोरडं फडकं तसंच घडी घातलेलं होतं. त्यानं उचललं. पाणी टपकलं. अंगावर काटा आला खरा, पण मागाहून ऊरही भरून आला.

"आपला क्लीनर हाय त्यो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला हात हलवत परत गेला. गाडीपाशी ही गर्दी! एक पाहुणे पुढचं दार उघडू लागले.

"मागं बसा पावनं," बळीराम हसून म्हणाला. "ती जागा भरलेली हाय."

पाहुणे मागं बसले. बळीरामनं किल्ली खिशातून काढली सुद्धा नव्हती. तरी जाळीतून हळूहळू ऊबदार हवा येऊ लागली.