गुलाबी पापड्या कोणी नेल्या?

“पुरावा सापडला!” शाळेमागच्या गव्हाणीतून गुलाबी चुरा उचलत स्वानंद ओरडला. सुरज धावत आला. साक्षी मात्र मागेच रेंगाळली.

गोरेगाव नावाच्या लहानशा गावातल्या या शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या जान्हवीबाई आता पोलंडमध्ये शिकवत होत्या. तिथून त्यांनी नाताळसाठी कागदासारख्या पातळ पापड्या धाडल्या होत्या, वीस पांढऱ्या आणि चार गुलाबी. हेडसर किसनरावांनी पाकीट टेबलावर उघडंच टाकलं आणि गुलाबी चारही गायब झाल्या! सरांनी काही शहानिशा न करता शिपाई प्रेमदासकाकांवर आळ घेतला. मग या तिघांनी मधल्या सुट्टीत खरा चोर शोधायचा विडा उचलला. सगळ्यांत जास्त धावपळ साक्षीची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! रंगाला भुलून तिनंच त्या उचलल्या होत्या. एक चाखली तर अगदीच बेचव, म्हणून उरलेल्या शाळेमागे बांधलेल्या वासराला चारल्या. आणि वासरू नेमकं प्रेमदासकाकांचं!

चुरा पाहून सरांची खात्रीच पटली. सोमवारपासून कामावर येऊ नका, असं त्यांनी काकांना सांगून टाकलं. काका वासराचं दावं सोडून त्याला घरी घेऊन गेले. साक्षी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली आणि तशीच परतली.

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी तिनं काकांना हट्टानं शाळेत आणलं. सगळे पांढरी पापडी हातात घेऊन जमले होते. सरांच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉलमध्ये बाई दिसल्या. तिकडे आज जेवणाआधी एकमेकांच्या पांढऱ्या पापडीचा तुकडा मोडून घेतात आणि दुखावलेल्याची माफी मागतात, असं त्या सांगत होत्या. साक्षीला पुढचं ऐकवेना.

“बाई, गुलाबी पापड्या मी घेतल्या. वासराला पण मीच चारल्या. काकांनी न्हाई.”

त्यावर बाईंनी सांगितलं, गुलाबी पापडी तिकडे गुरांनाच देतात, आपण पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतो तशी. सगळे हसले. सुटले एकदाची, असं साक्षीला वाटलं.

काका मात्र हसले नाहीत. “वासरानं खाल्लं ते बराबर हाय, पोरी. पण चार दिवस लोक मला चोर म्हणून राहिले, तवा तू काहून गप होतीस?”

साक्षीला रडू फुटलं. तिनं पांढरी पापडी पुढे केली. काकांनी सावकाश तुकडा मोडून घेतला.

मग हेडसरही आपली पापडी घेऊन काकांसमोर आले. “प्रेमदास, मी तर तुम्हाला साधं विचारलंही नाही. या पोरीनं निदान खरं सांगायची हिंमत दाखवली.”

सोमवारी काका कामावर आले, तेव्हा साक्षीनं शाळेचं अर्धं अंगण झाडून काढलं होतं.