कॉम्प्युटरची गोधडी

नारायणगावला जाणाऱ्या एसटीत यशोधरा खिडकीशी बसली होती. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं ओझं आणि त्याभोवती तिच्या दोन्ही हातांचा वेढा. कळंबच्या पुढं गाडीनं गचका दिला, तशी ती त्या ओझ्यावर अख्खी वाकली.

शेजारी बसलेला तरुण जरा घुटमळला, मग हळूच म्हणाला, "तोंडावरची गोधडी सारा की थोडी. बाळ गुदमरंल."

"बाळ नाही."

"मग?"

"कॉम्प्युटर आहे."

तो इतका हसला, की पुढच्या बाकावरची म्हातारी मान वळवून बघायला लागली. यशोधराला राग आला... पण हसू त्याच्या आधी आलं.

"दवाखान्यात चाललंय का?" त्यानं विचारलं.

"हो. नवीनच आहे, पण लई सुस्त. बटण दाबून भाकरी करायला बसावं, तर भाकरी आधी होते."

"एक का दोन?"

"घरात पाहुणे असले तर चार."

"मग बरोबर माणसाशेजारी बसलात," तो म्हणाला. "मी हेच काम करतो. सूरज. गाव बोरी बुद्रुक, दुकान नारायणगावात."

अवसरी बुद्रुकला यशोधराच्या घरी तो कॉम्प्युटर आला, त्याला फार दिवस झाले नव्हते. तिच्या मामानं, नवनाथनं, पुण्यात हिंडून एकेक भाग वेगवेगळ्या दुकानातून आणला होता आणि एका ओळखीच्याकडून जोडून घेतला होता. घराच्या पुढच्या खोलीत बसून यशोधरानं अर्ज, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं टाईप करायची, असं ठरलं होतं. पण मामानं यंत्र देतानाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हे चाललं तर पोरगी इथं राहून चार पैसे कमवंल. न्हाई चाललं, तर उल्हासनगरचं स्थळ हाये. नोकरदार मुलगा हाये. मग माझ्यापुढं रडायचं न्हाई." यशोधराला लग्न नको होतं. तिला ती खोली आणि दारावर आपल्या नावाची पाटी हवी होती.

दुकानात सूरजनं कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि तो लगेच चुकचुकला. "हे बघा, या दोन पट्ट्या. याला मेमरी म्हणतात. एक पळणारी आहे, एक चालणारी. एका बोर्डावर शेजारी शेजारी बसवल्या की पळणारीलाही चालणारीच्या चालीनं जावं लागतं."

"तिला राग येत नाही?"

"कुणाला?"

"पळणारीला."

सूरजनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "सोबत चांगली असली तर नसंल येत," तो म्हणाला, आणि पुन्हा डब्यात डोकं घालून उगाचच स्क्रू पिळत बसला.

त्यानं चालणारी काढून पळणारीला तिच्यासारखीच जोड लावून दिली. यंत्र दुकानात हरणासारखं पळालं. यशोधरानं ते पुन्हा गोधडीत गुंडाळून घरी नेलं, आणि घरी ते पुन्हा जागच्या जागी बसलं.

मग सूरजला अवसरीला यावं लागलं.

दारात नानासाहेब, यशोधराचे वडील, "जय भीम" म्हणाले. सूरज न अडखळता "जय भीम" म्हणाला आणि चपला काढून आत आला. चुलीपाशी बसलेल्या यशोधरानं ते ऐकलं. पीठ मळणारा तिचा हात मध्येच थांबला.

त्या दिवसापासून तो येत राहिला. कधी वायर बदलायची, कधी मेमरीच्या पट्ट्या घासून साफ करायच्या, कधी सगळं पुसून पुन्हा भरायचं. यंत्र जरा हुशारी दाखवायचं आणि पुन्हा पेंगायला लागायचं. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राही आणि तेवढ्या वेळात दोघांचं बोलणं होई. मग ते घड्याळ थांबलं तरी कितीदा दोघांच्या ध्यानातच यायचं नाही.

"तुमच्या बोरीत काय आहे बघण्यासारखं?" एकदा तिनं विचारलं.

"मी."

"तुम्ही तर इथंच असता."

"मग बोरीत काय राहिलं नाय आता," तो म्हणाला.

आई पारूबाई त्याला "सूरजभाऊ, च्या घ्या" म्हणायची. यशोधरा नुसतं सूरज म्हणायची. त्यापुढं भाऊ तिनं कधीच लावला नाही.

यंत्र का पेंगतं, याचं खरं कारण यशोधराला केव्हाच कळून चुकलं होतं. पारूबाईनं जुन्या लुगड्यांची एक खास गोधडी कॉम्प्युटरला शिवली होती. घरात नवा जीव आला की त्याला गोधडी शिवायची, ही तिची रीत. अंगणात कांदे साठवायची चाळ. फोलपटं उडायची, धूळ यायची. म्हणून यंत्र चालू असतानाही पारूबाई नुसता पडदा उघडा ठेवायची आणि डबा चांगला गच्च झाकायची. आत पंखा तडफडायचा. एका दुपारी आई रानात गेल्यावर यशोधरानं सहज गोधडी काढली, तर यंत्र वाऱ्यासारखं सुटलं.

तिनं गोधडी परत घातली. आईला दुखवायचं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ते काही खरं नव्हतं. यंत्र बरं झालं, तर सूरज कशाला येईल?

गिऱ्हाइकं येत, वाट बघत, कंटाळून मंचरला जात. तिच्या डोळ्यांदेखत काम उठून जाई आणि ती गप्प बसे.

नवनाथमामा आला, तो उल्हासनगरचा निरोप घेऊनच आला. "रविवारी बघायला येत्यात. हे यंत्र मी परत नेतो. जाईल त्या किमतीला जाईल." त्यानं वायरीला हात घातला.

सूरज तिथंच होता. यशोधराच्या ओठावर आलं, "थांबा, हे चालतं." पण ते बोललं की सूरजचं येणं संपलं, आणि नाही बोललं तरी संपलंच.

"मामा, थांबा," सूरजच म्हणाला. तो उठला. त्यानं गोधडी काढली, नीट घडी घातली आणि पारूबाईच्या हातात दिली. "काकू, यंत्रात काय बी खोट नाय. ते आत तापत व्हतं. तापलं की जळू नये म्हणून ते आपलं आपणच पाय आवरतं. उघडं ठेवा, पळंल."

यंत्र थोडं निवलं, आणि खरोखरच पळालं. पारूबाई गोधडी छातीशी धरून बघत राहिली. "माझ्यामुळं व्हय रं बाबा?"

"नाय काकू. मला पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं. मी बोललो नाय."

यशोधरानं चमकून वर पाहिलं.

नानासाहेब कमी बोलणारा माणूस. त्यांनी सूरजला एकदा बघून घेतलं, एकदा लेकीला.

"पावणं, ज्यासाठी इतकं दिस आलात, ते तुमच्या घरी बोलाल?"

"बोललो, काका."

"मग?"

"आई रडली. वडलांनी दोन दिस अन्न घेतलं नाय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आधी मला मसणात पोचव, मग काय करायचं ते कर."

नानासाहेब उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आमची पोरगी कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची न्हाई. आन तुमच्या बापाचा जीव आमाला नको. च्या घ्या, आन या आता."

यंत्र चाललं होतं; नवनाथमामानं आपल्या बोलल्याप्रमाणं वायर खाली ठेवली. उल्हासनगरला तो काय सांगणार, हे त्याला कुणी विचारलं नाही.

फाट्यापर्यंत यशोधरा सूरजबरोबर गेली. कुणी अडवलं नाही.

"पहिल्याच दिवशी?" ती म्हणाली.

"आत आलो तेव्हाच."

"मलाही माहीत होतं. दुपारी आई रानात गेली की मी गोधडी काढायचे. तुमची यायची वेळ झाली की परत घालायचे."

तो थांबला. दोघं एकदम हसली... आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्यानं हात पुढं केला. रस्त्यानं उसाची बैलगाडी येत होती. हात तसाच मागं गेला.

"मी तुमच्याबरोबर आले असते," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर."

"म्हणून तर विचारलं नाय," तो म्हणाला. "वडलांकडं बघून मला माघारी फिरावं लागलं असतं. तुला वाटेत सोडून."

एसटी आली. तो चढला, खिडकीशी बसला. सगळी गाडी बघत होती. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि तेवढ्या माणसांत बोलता येईल असं एकच त्याला सुचलं.

"पंख्याची धूळ झटकत जा!" तो ओरडला. "ध्यानात ठेव!"

"ठेवते," ती म्हणाली. गाडीच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं का नाही, कोण जाणे.

घरी आली तर ओट्यावर जुनं गिऱ्हाईक सावळेराम बसला होता. गावच्या जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीचं हँडबिल त्याला आजच हवं होतं. यशोधरानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि खुर्चीवर बसली. तो सांगत गेला, ती टाईप करत गेली. पडद्यावर अक्षरं एकामागून एक धावत उमटत होती.

"आयला, ताई!" सावळेराम खूश होऊन म्हणाला. "आमच्या बैलांपेक्षा जोरात पळतंय की हे आता. काय केलं काय?"

"दुरुस्त झालं," ती म्हणाली. "पुढं सांगा."