शाईने न शिवलेली जागा

शाईची नवी बाटली रुमालात गुंडाळून म्हातारा शाईवाला भर दुपारी गुरुजींच्या घरी निघाला, तेव्हा त्याच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. गुरुजी त्याचे बालमित्र. हाताने पोथ्या उतरवून देणे हा त्यांचा व्यवसाय, आणि शाईवाल्याच्या घरच्या काजळीच्या शाईवाचून त्यांची लेखणी चालत नसे. चित्रकार त्याच शाईने चित्रे काढीत, आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिचा थेंब काचपट्टीवर घालून रोगजंतू शोधीत. तिथे तर शाईवाल्याची एकुलती एक लेकच कामाला होती.

शाई करायची रीत जुनी. बिनखिडक्यांच्या खोलीत तेलाचे दिवे जळत. त्यांवर मातीची उपडी झाकणे ठेवलेली. झाकणांत साचलेली काजळी शाईवाला पिसाने अलगद उतरवी आणि डिंकाच्या पाण्यात कालवी. पुढचे खलणे मात्र बायकोचे. खलाच्या एका फेऱ्याला देवाचे एक नाम, असा तिचा नेम होता. दिवसभर त्या काळ्या खोलीतून दगडाची घरघर आणि तिचे नाम एकाच लयीत बाहेर येई. शाई उतरली की ती उजव्या हाताचे पहिले बोट बुडवून कागदावर टेकवी. बोटावरच्या बारीक रेषा आणि फुटक्या झाकणाने कापल्याची तिरकी खूण स्वच्छ उमटली, तरच शाई बाटलीत जाई.

ती गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते.

"ये बाबा," गुरुजी दारातच म्हणाले. "हात धुऊन ये म्हटलं असतं, पण तुझ्या हातांना पाण्याचा काय उपयोग! तू नमस्कार करतोस तेव्हा देवापुढे अंधारच होत असेल."

शाईवाला हसला. त्याच्या नखांच्या कडांत, पेरांच्या घड्यांत जन्मभराची काजळी मुरली होती. कोणत्याही साबणाने ती निघाली नव्हती.

"मागची शाई कशी आहे?" त्याने विचारले.

गुरुजींचे हसू मावळले. त्यांनी एक पान पुढे केले. पोथीच्या पहिल्या पानावर ते काळी भरीव चौकट रंगवीत असत. त्या गडद काळ्या रंगाच्या मधोमध एक लांबट गोल कोरा राहिला होता.

"बोट लागलं असेल तुमचं."

"मलाही तसंच वाटलं. पुन्हा रंगवलं, पान बदललं, कुंचला बदलला. शाई वाळली की ही जागा कोरीच. नीट बघ जरा."

शाईवाल्याने पान उजेडात धरले. कोऱ्या जागेत केसासारख्या बारीक रेषा होत्या, आणि त्यांना छेदून जाणारी एक तिरकी खूण.

गुरुजींनी आवाज उतरवला. "कोणत्या दिव्याची काजळी घातलीस रे?"

शाईवाल्याने मान खाली घातली. त्यांच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो आजवर कोणी मोडला नव्हता. मरणाऱ्याच्या उशाशी जळलेल्या दिव्याची काजळी शाईत घालायची नाही. ती मातीत पुरायची.

"झाकणावर थोडीच होती," तो पुटपुटला. "तिच्या शेवटच्या रात्रींची. टाकवेना..."

"जाणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची असते. तू तिला बाटलीत भरलंस. वेड्या, याला प्रेम नाही म्हणत, मोह म्हणतात!"

संध्याकाळी तो घरी परतला, तेव्हा लेक कामावरून येऊन भिंतीला टेकून बसली होती. आई गेल्यापासून ती वाळत चालली होती. अन्न नको, बोलणे नको. तपासण्यांत काही सापडत नव्हते. प्रयोगशाळेत मात्र ती दिवसभर त्याच शाईशी खेळत होती, हे बापाच्या आज पहिल्यांदा ध्यानात आले.

"बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना," ती थकल्या आवाजात म्हणाली, "पाठीच्या मणक्यातलं पाणी आणि शाईचा थेंब एकत्र केला, की सगळं काळं होतं. एक जंतू आहे, त्याच्या अंगावरचं जाड कवच शाईला आत येऊ देत नाही. मग काळ्यात तो दिव्यासारखा लख्ख दिसतो."

"म्हणजे ज्याला शाई शिवत नाही, तेच दिसतं म्हण की."

"हो. आज मी नुसत्या पाण्यात थेंब टाकला. आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर..." ती थांबली. "आईचं बोट होतं, बाबा. कापलेलं."

म्हाताऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. लेक मात्र हलकेच हसली.

"आणि ही गंमत बघा. शाळेत मला 'कोळशीण' म्हणून चिडवायचे. आता माझे हात बघा कसे राणीसारखे झालेत."

तिने शेजारच्या वाटीतल्या शाईत बोट बुडवून वर काढले. शाई मोत्यासारखी घरंगळली आणि खाली पडली. बोट कोरडे, पांढरे, थंड होते.

त्याने दुसऱ्या दिवशी उजाडताच घराघरांतून ती शाई परत आणली. गुरुजींकडून, चित्रकारांकडून, प्रयोगशाळेतून. परसात खड्डा खणून, देवाचे नाव घेत त्याने एकेक बाटली मातीत ओतली. शेवटची कुपी बोटाएवढी होती. ती ओतताना मात्र त्याचा हात थबकला. एवढीशी राहिली तर काय बिघडणार आहे? संसारातली तेवढीच खूण. त्याने ती देवाच्या फळीमागे ठेवून दिली.

लेक सुधारली नाही. दोन दिवसांनी तिला अंथरुणातून उठवेना. दुपारच्या निवांत वेळी तिने डोळे न उघडता विचारले,

"बाबा... आई खलतेय ना आत?"

त्याने कान दिला. बिनखिडक्यांच्या खोलीतून संथ घरघर येत होती. डिंकाचा आणि विझलेल्या वातीचा वास घरभर पसरला होता.

"देवाचं नाम घेत असेल," तो कसाबसा म्हणाला.

"नाही हो... दर फेऱ्याला माझं नाव घेतेय."

 म्हाताऱ्याने फळीमागची कुपी काढली, दिवा घेतला आणि तो खोलीत शिरला. घरघर थांबली. खल कोरडा होता, आणि त्यावरची धूळही हलली नव्हती. कुपी हातातून निसटून फुटली. एवढ्याशा कुपीतून किती शाई यावी? ती फरशीवर पसरत गेली, भिंतीपर्यंत पोचली. आणि मधोमध दोन पावलांएवढी जागा सोडून, तिला वळसा घालून पुढे गेली. पावलांची बोटे लेकीच्या खोलीकडे होती.

दिव्याची ज्योत बारीक झाली. म्हातारा गुडघ्यांवर बसला.

"चुकलो मी," तो कुजबुजला. "तुला अडवलं. पण पोरीला सोड... तिचं अजून सगळं व्हायचंय."

शाई निश्चल होती.

"एकटं वाटतं का गं तुला तिथे?" त्याने विचारले. "मग मी आहे ना... तिला नको नेऊस."

 मग कडेची शाई सावकाश आत सरकली आणि पावलांची जागा भरून गेली. त्याने फडक्याने सगळी फरशी टिपली, फडके मातीत पुरले, आणि पुरताना एक थेंबही मागे ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आपल्या पायांनी उठून आली. गालांवर रंग होता.

"बाबा, भूक लागलीय. काय काय आहे घरात?" तिने नव्या दिव्याचे झाकण उचलून काजळीवर बोट फिरवले. बोट काळेभोर झाले. "अरे देवा, कोळशीण परत आली!" ती खळखळून हसली आणि चुलीकडे गेली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने देवापुढे उभे राहून हात जोडले, आणि जोडलेल्या हातांकडे पाहतच राहिला.

नखे पांढरी होती. पेरांच्या घड्या स्वच्छ होत्या. जन्मभराची काजळी कुठेच नव्हती. त्याने झाकण उचलून मूठभर काजळी तळव्यावर चोळली. ती वाळूसारखी घरंगळून खाली पडली.

स्वयंपाकघरात लेक काहीतरी गुणगुणत होती. तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने, आतल्या खोलीत खलाची घरघर सुरू झाली. संथ, जुन्या ओळखीची. प्रत्येक फेऱ्याला एकच हाक.

"अहो... अहो..."